पाणी प्यायला परसदारी गेलेली पक्षकार

हिंदू विवाहाचा कायदा नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी पुण्याच्या कोर्टातला नवा वकील आणि चिंचवडच्या राहत्या घरातच माझी बैठक. एका सकाळी थेरगावहून एक बाई चालत आली. नवऱ्याने तिला घराबाहेर काढून लहान मुलगी ठेवून घेतली होती. पदराच्या गाठीत चांदीची वाकी होती. "फी ह्यात भागंल न्हवं?" म्हणाली, आणि गाठ मुठीत धरून बसली. सोडली मात्र नाही.

मी उत्साहाने कलमं समजावू लागलो. माझ्या कपाटातल्या जाड पुस्तकांवर तिने नजरही टाकली नाही. ती सारखी आतल्या दाराकडे बघत होती. मध्येच "पानी पिऊन येते" म्हणून उठली आणि परसदारी गेली. तिला चहा द्यावा म्हणून मी बायकोला हाक मारली. चहा आला, ती काही आली नाही.

माझं चुकलं काय, हे कोडं मला दिवसभर सुटेना. जेवताना बायकोला विचारलं, "तुझ्याशी काही बोलली का गं ती?"

"पाणी प्यायली आणि म्हणाली, 'वैनी, तुमी बोलाया लागल्यावर वकीलसायब ऐकत्यात का वं?'"

"मग? तू काय सांगितलंस?"

"सांगणारच होते, तेवढ्यात तुमची हाक आली. मी तशीच आत पळाले. परत येऊन बघते, तर ती पदराची गाठ घट्ट करत निघाली होती."