महादेवप्पांचा डावा हात

महादेवप्पांचा राग लातूरच्या बाजाराला ठाऊक होता, आणि खरं सांगायचं तर तो वाजवी होता. किल्लारीच्या भूकंपात त्यांचं गावाकडचं दुकान गाडलं गेलं. लातुरात येऊन कोचिंगच्या पोरांना गाद्या विकत माणूस पुन्हा उभा राहिला. पण आता चार पावलांत दम लागायचा, पाय सुजायचे, आणि डॉक्टर म्हणायचे, भूकंपाची धास्ती बसलीय. तीस वर्षांनी धास्ती! म्हातारा दिसला की पुसा तोंडाला पानं.

अखेर एका डॉक्टरला शंका आली, हृदयात नको ते प्रथिन साठतंय. रक्त-लघवी तपासून त्यानं नांदेडला स्कॅनला धाडलं. हाडांत भिनणारं औषध टोचायचं. फोटोत हाडांपेक्षा हृदयच जास्त उजळलं की चोर सापडला.

इंजेक्शन झालं. मशीन चालवणारी इकरा म्हणाली, "आजोबा, गळ्यातली चांदीची डबी काढा. फोटोत हृदय झाकेल."

डबीत इष्टलिंग होतं. लिंगायताच्या अंगावरून ते मेल्यावरही उतरत नाही.

"न्हाई काढणार!" महादेवप्पा कडाडले. "कमलम्मा, चल घरला!"

त्यांची बायको जागची हलली नाही. "अवो, नुसतं लिंग पूजेवानी डाव्या तळहातावर घ्या की. हात तर डोक्याकडंच ठेवायचेत."

"चालंल," इकरा म्हणाली.

"न्हाई म्हणलं की न्हाई!"

"का पण?" कमलम्मानं विचारलं.

"बोटं बधिर हायती माझी!" ते ओरडलेच. "दोन वर्षांखाली पूजेत हातातून पडलं. लिंग पडलं म्हंजे देवानंच टाकलं मला!"

कमलम्माला रडू आलं, आणि एवढं एकट्यानं सोसलं म्हणून संतापही आला. तिनं लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि रुमालानं मूठ करकचून बांधली. "आता कसं पडतंय बघते."

फोटोत बरगड्या फिक्या आणि हृदय लख्ख. लातूरच्या डॉक्टरनं आजाराचं निदान सांगितलं. गोळ्यांनी तो आवरता येईल, म्हणाला. मग विचारलं, "बोटं बधिर होतात?"

"दोन्ही हातांची."

"हेच प्रथिन मनगटात साठून नस दाबतं. हृदयाच्या आधी हातच सांगतो."

"म्हंजे पूजेत लिंग मी दुखण्यानं पाडलं?"

"हो."

महादेवप्पा खुर्चीवरून उठले. रागानं आवाज फाटला होता. "मंग दोन वर्षं मी देवाची माफी कशापायी मागत राहिलो हो?"