त्याच्याजवळ कोण होतं?

दादाला शौर्यपदक जाहीर झालं त्या आठवड्यात नागपुरात मनीषनगरमधल्या आमच्या फ्लॅटचं दार दिवसभर उघडंच असायचं. सोसायटीतले लोक पुष्पगुच्छ घेऊन येत, दादाच्या शेजारी उभं राहून फोटो काढत. तो सगळ्यांशी नीट बोलायचा. लोक गेले की सोफ्यावर बसून उजवी मांडी दाबत राहायचा. काश्मीरमध्ये त्या मांडीतून गोळी आरपार गेली होती. तो सैन्यात मेजर, आणि जखमेसाठी मिळालेल्या रजेवर घरी आलेला. काय घडलं ते त्यानं आम्हाला एवढंच सांगितलं होतं: चकमक झाली, माझा एक जवान गेला, मला पायाला लागलं, आता बरं आहे. आईनं पुढं विचारलं की तो विषय बदलायचा.

एका सकाळी तो मला म्हणाला, "सावनेरला जायचंय. गाडी तू चालव."

गेलेला जवान सावनेरजवळच्या एका खेड्यातला होता. आई म्हणाली, "वर्दी घालून जा, त्यांना बरं वाटेल." दादा साधा पांढरा शर्ट घालून निघाला. रस्ताभर तो खिडकीतून बाहेर बघत होता. कोळशाचे ट्रक आडवे येत होते. कपाशी वेचणीला आली होती. मी दोनदा काहीतरी बोलून पाहिलं, मग नुसती गाडी चालवत राहिले.

घर दोन खोल्यांचं होतं. जवानाचे वडील कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. बोलताना त्यांना धाप लागत होती. त्यांनी दादाचे दोन्ही हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं. भिंतीवर मुलाचा फोटो होता, वर्दीतला, हार घातलेला. जवानाच्या आई आतल्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसल्या होत्या.

"त्याले घरी घेऊन आलेल्या पोराईनं आमाले सारं सांगतलं," वडील मला म्हणाले. "साहेबाईनं गोळ्या चालू असताना त्याले ओढून दगडामागं आनलं. तवाच त्यायच्या पायाले लागलं. मंग तसेच वर गेले, एकटे. नाही तं बाकीचेही वाचले नसते."

मी दादाकडे पाहिलं. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. तो खाली फरशीकडे बघत होता.

तेवढ्यात आई बोलल्या. "साहेब, एक इचारू का? जीव जाताना त्याच्याजवळ कोन होतं?"

वडील म्हणाले, "काहून इचारतं वं आता?"

"विचारू द्या त्यांना," दादा म्हणाला. त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "कोणी नव्हतं, आई."

आणि त्यानं सांगितलं. तो सगळ्यात पुढं होता, रेडिओ सांभाळणारा हा मुलगा त्याच्या मागोमाग. वरच्या दगडी झोपडीतून एकदम गोळीबार सुरू झाला. मुलाच्या पोटात गोळी लागली. दादानं त्याला ओढत एका मोठ्या दगडाआड नेलं, पट्टी बांधली. खाली नाल्यात त्याची बाकीची तुकडी उघड्यावर अडकली होती. तिथं लपायला एक झुडूपही नव्हतं. वरची बंदूक बंद पडल्याशिवाय एकालाही हलता येत नव्हतं, आणि त्या झोपडीच्या सर्वांत जवळ दादाच होता.

"मी त्याला तिथं ठेवून वर गेलो. सरपटत गेलो, हातबॉम्ब टाकला, आत शिरलो. सगळं थांबल्यावर खाली आलो, तेव्हा तो गेला होता."

"तुम्ही गेले तवा जिता होता?"

"हो."

"अन् तुम्ही गेले."

"हो, आई."

त्या उठल्या आणि आत निघून गेल्या. वडील कासावीस झाले. "मनाले लावून घेऊ नका जी," ते म्हणाले. दादानं मान हलवली. "त्यांना माहीत असायला हवं होतं," तो म्हणाला. मला वाटलं, आपण आता निघावं. दादा जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळानं आई पुन्हा दारात आल्या.

"काही बोलला का तो?"

दादा आणि तो मुलगा दोघंही नागपूरकडचे. पलटणीत सगळे हिंदी बोलत, हे दोघं एकमेकांशी मात्र इकडचं बोलत. दादा आता त्या मुलाच्याच शब्दांत बोलला, "म्हणाला, 'जा जी तुम्ही, मी हाओ न इथं.'"

आईंनी पदर तोंडाशी धरला. मग त्या दादाच्या खुर्चीजवळ येऊन खाली बसल्या आणि त्याच्या मांडीवर, बरोबर जखमेच्या जागी, हात ठेवला. ती जागा त्यांना कशी कळली कोण जाणे.

"लय दुखते का रे बापा?"

"चालताना दुखतं," दादा म्हणाला, आणि रडायला लागला. आजोबा गेले तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. त्या त्याच्या मांडीवरून हात फिरवत राहिल्या. वडील भिंतीकडे तोंड करून उभे होते. आम्ही जेवल्याशिवाय निघायचं नाही, असं आईंनी बजावलं. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी होती. दादा दोन भाकरी जेवला. घरी तो अर्धी पोळीही जेमतेम खात होता.

परतताना मी विचारलं, "वर जाताना तुला भीती नाही वाटली?"

"वाटली. पण भीतीपेक्षा त्याच्याकडे पाठ फिरवणं जड गेलं."

दादाचा पाय पुरता बरा झाला नाही. डोंगरावर पुन्हा जाता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता तो नव्या अधिकाऱ्यांना शिकवतो. ती मुलं पदकाबद्दल विचारतात तेव्हा तो त्यांना आधी त्या मुलाबद्दल सांगतो, त्याला दगडाआड ठेवून आपण निघालो तेही सांगतो. सुट्टीवर आला की दुसऱ्याच दिवशी सावनेरला जातो. हल्ली गाडी तो स्वतः चालवतो.