पहिल्या वर्गात उपाशी

आमच्या घरी एखाद्या पाहुण्यानं पहिल्यांदा विचारल्याबरोबर "हो, वाढा" म्हटलं, तर तो गेल्यावर आई बरेच दिवस त्याच्याबद्दल बोलत राही. माणूस वाईट नसेल, पण वळण नाही, असा तिचा शेरा. वळण म्हणजे काय, तर चहा विचारला की "नको, आत्ताच झाला" म्हणायचं. पुन्हा विचारला की "कशाला उगीच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारणारा कपबशी घेऊनच येतो, मग नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून दोन कप प्यायचे. नगर जिल्ह्यात मी लहानाचा मोठा झालो तो याच पद्धतीनं. नको नको म्हणत माझं वजन चांगलं भरलं होतं.

याच वळणापायी मी एकदा विमानाच्या पहिल्या वर्गात उपाशी राहिलो. त्याच सुमारास त्याहून फार मोठी गोष्टही माझ्या हातून निसटत चालली होती, आणि मी सभ्यपणे बघत बसलो होतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधीची ही हकिकत. श्रीरामपूरजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी नवा इंजिनिअर होतो. अंगात टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. वसाहतीत माझ्या खोलीसमोरच्या रांगेत एक निवृत्त सुभेदार राहायचे. मूळचे सातारकडचे, पण सगळी उमर फौजेत गेलेली. आता कारखान्याचे पहारेकरी त्यांच्या हाताखाली होते. त्यांची मुलगी वसाहतीतल्या शाळेत शिकवायची. रोज सकाळी ती माझ्या खिडकीवरून शाळेत जायची आणि मी रोज नेमका त्याच वेळी खिडकीत उभा राहून दाढी करायचो. शाळेला सुट्टी असली की माझी दाढी राहायची. सगळ्या वसाहतीला जे दिसत होतं, ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे अशा समजुतीत मी होतो.

तिच्याशी माझं बोलणं म्हणाल तर एकदाच झालं होतं. शाळेचा हातपंप बिघडला म्हणून मी गेलो होतो. ती म्हणाली, "पाणी येत नाहीये." मी म्हणालो, "वायसर गेलंय." या संभाषणावर मी चार महिने काढले.

आणि एके दिवशी, उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, वजनकाट्यापाशी सुभेदारांनी मला गाठलं. मध्यस्थ नाही, मामा-काका नाहीत, पत्रिका नाही. ताठ उभे राहून म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, मुलीचं लग्न करायचं आहे. तुम्ही बरे वाटता. तुमचा विचार असेल तर तुमच्या वडिलांना भेटायला येतो. आहे विचार?"

माझ्या छातीत इतकं धडधडायला लागलं की शेजारच्या बैलाला ऐकू गेलं असेल. आणि तोंडातून काय निघालं, तर, "छे छे, एवढ्यात कुठं! सध्या नको."

"ठीक," असं म्हणून सुभेदार मागे वळले आणि पहारा बघायला निघून गेले.

मी दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत राहिलो. विचारणार तर नक्की, कारण आमच्याकडे असं एका वाक्यात कुणी सोडत नाही. ते रोज भेटत, रोज रामराम करत. मी मुद्दाम रेंगाळायचो, पावसापाण्याचं विचारायचो. ते पावसापाण्याचं सांगायचे आणि जायचे. मग एकदा कँटीनमध्ये कानावर आलं की कोपरगावचा, बँकेतला एक मुलगा येत्या रविवारी दुपारी चार वाजता मुलगी बघायला येणार आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तरीसुद्धा स्वतः उठून त्यांच्या दारात जाणं मला सुचलं नाही. एकदा नको म्हटल्यावर आपणच ताट पुढे करायचं? आईनं ऐकलं असतं तर घरात घेतलं नसतं.

अशा अवस्थेत मला चेअरमनसाहेबांबरोबर दिल्लीला जायचा हुकूम झाला. कारखाना वाढवायचा होता, त्याची परवानगी दिल्लीत अडकली होती. नकाशे समजावून सांगायला मी. साहेबांचा उजवा गुडघा दुमडत नसे, त्यामुळे विमानाची पहिल्या वर्गाची तिकिटं काढली होती आणि त्यांना उठवायला-बसवायला शेजारची जागा मला. मुंबईहून परदेशी जाणारं मोठं विमान वाटेत दिल्लीला थांबत असे, त्यातून दिल्लीपर्यंत जाता यायचं. गुडघा साहेबांचा, पण मान माझी ताठ झाली होती.

जाताना जो थाट झाला तो काय सांगू! वाढायला एक पोक्त बाई होत्या, केसांत एक पांढरी बट. त्यांनी सरबत पुढे केलं. मी म्हणालो, "नो, थँक यू." त्या हिंदीत म्हणाल्या, "असं कसं? लांबून आलात, थोडं तरी घ्या." मी घेतलं. जेवणाला नको म्हणालो, तर त्यांनी ताट समोर ठेवूनच टाकलं. गोड आलं तेव्हा दोनदा नको म्हणालो आणि तीनदा खाल्लं. चिमट्यात धरून गरम ओला रुमाल दिला. साहेबांनी त्यानं तोंड, मान आणि टोपी काढून डोकंही पुसलं. मी माझा रुमाल घडी घालून परत दिला, वापरलाच नाही, तेवढाच सुसंस्कृतपणा. पहिला वर्ग म्हणजे आमच्या आत्याचंच घर, फक्त आभाळात, असं माझं ठाम मत झालं. दिल्लीत जो भेटेल त्याला मी ते ऐकवलं.

परवानगीचं काम निम्मंअर्धं झालं आणि शनिवारी आम्ही परत निघालो. दिल्लीत सकाळी गडबडीत काही खाल्लं नव्हतं. म्हटलं विमानात बघू. या वेळी वाढायला एक तरुण मुलगी होती. चुणचुणीत, हसरी, बोलायला गोड. तिनं ट्रे पुढे केला. मी नेहमीप्रमाणे मान तिरकी करून म्हणालो, "नो, थँक यू."

"ऑल राइट, सर," ती हसून म्हणाली आणि ट्रे घेऊन पुढे गेली.

मला वाटलं, वळून येईल. ती वळली, पण साहेबांकडे. साहेब तिच्याशी सरळ मराठीत बोलत होते आणि तिला ते कळत होतं. "काय काय हाय? आन, समदंच ठिव हितं." त्यांच्यापुढे सूप आलं, पाव-लोणी आलं, मटारचा पुलाव आला, त्यावर कसलीशी पिवळीधमक मलईदार वाटी आली. ती संपल्यावर त्यांनी नुसतं बोट दाखवलं, तर आणखी एक आली. पलीकडच्या गृहस्थांना उशी मिळाली, पांघरूण मिळालं. ती मुलगी पुन्हा एकदा माझ्याजवळ आली, कॉफी विचारली. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि तोंड आपलं म्हणतंय, "नको, नको." ती गेली.

शेवटी धीर करून मी डोक्यावरचं बटण दाबलं. ती लगेच आली, वाकून विचारलं, काय हवं? आता नुसतं "जेवण" म्हणायचं होतं.

मी वर्तमानपत्र मागितलं.

तिनं ते तत्परतेनं आणून दिलं. इंग्रजी होतं. त्याच्या आड तोंड लपवून मी संतापानं धुमसत राहिलो. माझा राग नेहमी असा दुसऱ्याच्या नावानं निघतो. साहेबांकडे वळून म्हणालो, "काय हा कारभार! जाताना तो थाट आणि येताना हे. तिकीट तेच, वर्ग तोच. एकाला वाढायचं आणि एकाला नाही. मी तक्रार करणार आहे."

साहेबांनी वाटी खाली ठेवली. "तुला तिनं इचारलंच न्हाई व्हय?"

"विचारलं."

"मंग?"

"मी नको म्हणालो."

"मंग न्हाई दिलं. बराबर हाय की."

"पण पुन्हा एकदा विचारायला नको?"

साहेब हसले ते असे की समोरचा पेला हलला. "आरं इंजनेर, ती काय तुजी आत्या लागती का, दोन-दोन बारीला इचारायला? तिच्या मागं लई गिऱ्हाइकं हायेत. न्हाई म्हनला की ती फुडं." मग त्यांना माझी दया आली असावी. ताटातला उरलेला पाव त्यांनी माझ्यापुढे केला. "घे, खा."

"नको, नको," मी म्हणालो.

त्यांनी तो खाऊन टाकला.

त्यांचं चावणं मी बघत होतो आणि एकदम वजनकाट्यापाशी ताठ उभे असलेले सुभेदार डोळ्यांसमोर आले. "ठीक" म्हणून वळलेले. तो माणूस मला दुसऱ्यांदा कधीच विचारणार नव्हता. मी नाही म्हटलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं होतं, एवढंच घडलं होतं. पुढचं गिऱ्हाईक उद्या चार वाजता कोपरगावहून येणार होतं. मला फार भीती वाटली. सुभेदारांची मुलगी माझ्या खिडकीवरून जाणार नाही आणि मी कुणासाठी दाढी करणार, हा एकच प्रश्न मुंबई येईपर्यंत डोक्यात फिरत होता.

विमानतळावर कारखान्याची जीप आली होती. इगतपुरीला जेवायला थांबलो. ढाब्यावरच्या माणसानं विचारलं, "भाकरी आणू?" मी एवढ्या जोरात "हो!" म्हणालो की तो दचकला. तेवढाच सराव.

रविवारी सकाळी आंघोळ करून, दाढी करून, सुट्टी असूनही, मी सुभेदारांच्या दारात उभा राहिलो. ते ओट्यावर बुटांना पॉलिश करत होते. आतून पोह्यांची फोडणी दरवळत होती, बहुधा चारच्या पाहुण्यांसाठी रंगीत तालीम. "या," ते म्हणाले. "चहा?"

"हो," मी म्हणालो.

बसलो. चहा आला, तो सुभेदारीणबाईंनी आणला. पडद्यामागे कुणीतरी उभं होतं, पडदा हलत होता. मी कप खाली ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं, "त्या दिवशी काट्यापाशी तुम्ही विचारलंत, मी सध्या नको म्हणालो. ते तसं नव्हतं."

"मग कसं होतं?"

"म्हणजे, तुम्ही पुन्हा विचारलं असतंत, तर मी हो म्हणणार होतो."

सुभेदारांनी ब्रश थांबवला. एखाद्या शिपायाची बंदूक उलटी धरलेली दिसावी तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, आमच्याकडे माणसाला एकदा विचारतात. तुम्ही नाही म्हणालात, मी दुसरीकडे शब्द दिला. आज ते येणार. आता दिलेला शब्द मोडायचा?" आवाजात राग नव्हता, उलट थोडं वाईट वाटल्यासारखं होतं.

आता इथं कुणीही शहाणा माणूस भांडला असता, पाय धरले असते, निदान रडला असता. पण मी विमानातून ताजा धडा शिकून आलो होतो, की समोरचा नाही म्हणाला की तिथंच थांबायचं. मी म्हणालो, "बरं." उठलो, नमस्कार केला आणि ओट्याच्या पायरीवर चपला शोधायला लागलो. डोळे भरून आले होते, त्यामुळे डावी चप्पलच सापडेना.

"अण्णा."

पडदा सरला होता. ती दारात उभी होती, हातात पोह्यांची बशी. वडिलांकडे बघून म्हणाली, "अण्णा, तुम्ही यांना एकदा विचारलंत. यांना दोनदा विचारायला हवं होतं. कोपरगावच्यांना तर पत्र पाठवून विचारलंत. आता या घरात मलाही एकदा तरी कुणी विचारणार आहे का?"

ओट्यावर आम्ही दोन पुरुष. एकाच्या हातात बूट, एकाच्या पायात एकच चप्पल. सुभेदारीणबाई तेवढ्या पदराआड हसल्याचं मला आठवतं.

तिनं मग माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, खिडकीची चौकट मध्ये नसताना. मी विचारलं. कसं विचारलं ते सांगत नाही, वायसरपेक्षा फार बरं नव्हतं.

"हो," ती लगेच म्हणाली. बापाचीच मुलगी.

चार वाजता कोपरगावची मंडळी आली. सुभेदारांनी त्यांना दारातच खरं सांगितलं, माफी मागितली आणि फराळाला बसवलं. मी समोरच्या खिडकीतून बघत होतो. मुलाच्या मामांपुढे त्यांनी लाडवांचं ताट धरलं. मामा वळणाचे होते, ते नको म्हणाले. सुभेदारांनी ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

आता आमचा संसार जुना झाला. पण आमच्या घरी अजूनही ती मला जेवताना एकदाच विचारते. मी सवयीनं नको म्हणतो, ती भाकरीची टोपली उचलून आत जाते, आणि मी तिच्या मागं स्वयंपाकघरात जाऊन मागून घेतो.