तिसरी खुर्ची

आणीबाणीच्या वर्षी मी जुनी छोटी गाडी घेतली आणि मागच्या सीटचं माप दारं उघडी ठेवून काढलं. त्यामुळे निजामपुऱ्यातल्या सीट शिवणाऱ्याने मुलांसाठी केलेल्या तीन लाकडी खुर्च्या आत मावल्या, पण दारं लागेनात. तो हसला नाही. कडा तासून त्याने दोन खुर्च्या बसवल्या, त्यांना यंत्रमागाचे जुने चामडी पट्टे लावले.

“तिसरी राहू द्या,” मी शहाणपणा केला. “धाकटी पुढे आईच्या मांडीवर बसते.”

पट्टा ओढता ओढता तो थांबला. “मांडी धरून ठेवत न्हाय, साहेब. माझा पोरगा बी आईच्या मांडीवरच व्हता. ब्रेक मीच मारला.”

तिसरीही त्याने कडा तासून, न विचारताच बसवली.

घरी हे सांगितलं. बायको बराच वेळ मांडीवरच्या धाकटीला थोपटत राहिली. मग म्हणाली, “उद्यापासून हिलाही मागेच बसवू.”