मिलिंदच्या डिकीतलं भोक

मिलिंदला हार्ट अटॅक आला नव्हता.

वर्षभर तुम्ही सगळे ग्रुपवर तेच बोलताय आणि मीही मान हलवतोय. आता बास.

मिलिंद त्याच्याच गाडीच्या धुरानं गेला. त्या गाडीला डबल सायलेन्सर बसवताना मी शेजारी उभा होतो.

आज तोंड उघडायचं कारण म्हणजे उद्याची रॅली.

"मिलिंदभाऊंच्या स्मरणार्थ कार रॅली. क्रांती चौक, सकाळी दहा." बॅनरवर त्याचा फोटो आणि खाली दोन सायलेन्सरमधून निघणाऱ्या ज्वाळा.

स्मृतिदिनाच्या बॅनरवर ज्वाळा! लाज वाटत नाही?

ग्रुपचा ॲडमिन बंटी. त्यानं काल प्लॅन टाकला. सगळ्यात पुढं मिलिंदची गाडी, हार घालून. मागच्या सीटवर मिलिंदची पोरगी तन्वी, मांडीवर बापाचा फोटो घेऊन. खाली तुमचे बदामच बदाम.

तन्वी आठ वर्षांची आहे रे.

काचा बंद, एसी चालू, आणि चौकाचौकात थांबून रेस मारायची. त्याच गाडीत. तिला बसवून.

म्हणून आता ऐका.

गाडी जुनी, पेट्रोलवरची, सेकंडहँड. वाळूजच्या कंपनीत बारा वर्षं घासल्यावर घेतलेली पहिली गाडी. त्याला मागून दोन पाइप हवे होते, दोन्ही बाजूंना एकेक. आणि आवाज.

आम्ही दोघं मिस्त्रीकडं गेलो. चाचा गाडीखालून सरकत बाहेर आले आणि म्हणाले, "भाई, इसमें जगा नै. ये बाजू स्टेपनी का गड्ढा है. एक साइड से असली निकालते, दुसरी साइड शो का पाइप लगा देते."

मिलिंद म्हणाला, "शो का नको. लोकं वाकून बघतात. पार इज्जत जाईल."

आणि मी शहाणा म्हणालो, "गड्ढा काट दो ना चाचा. मिल्या, स्टेपनी घरी ठेव. आजकाल पंक्चर कुठं होतंय?"

चाचा दोनदा नाही म्हणाले. मग कापलं. धूर साफ करणारा डबाही आम्हीच काढायला लावला, आवाज मोकळा येतो म्हणून. कापलेल्या जागी त्यांनी पत्रा ठेवला, कडेनं सिलिकॉन भरलं आणि बजावलं, "ये कच्चा काम है. आठ दिन में आके वेल्डिंग करा लेना. नै तो धुआँ अंदर आएगा."

पक्कं काम करायला दोन दिवस लागले असते. आम्हाला गाडी त्याच दिवशी हवी होती, कारण दुसऱ्या दिवशी दौलताबादला तुमचा राउंड होता. तुम्ही सगळे तिथं होता. "कडक भाऊ, मार अजून!" व्हिडिओ काढलेत तुम्ही.

वेल्डिंगला कोण गेलं? कोणी नाही.

पुढचे दोन महिने त्याचं डोकं दुखायचं. "लई ठणकायलंय यार." आम्ही म्हणालो ऊन. पित्त. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

आणि तू तरी काय केलंस मिल्या? गोळी खाल्लीस, लिंबू सरबत प्यायलास आणि परत त्याच गाडीत जाऊन बसलास. गाडी काढली नाही त्या दिवशी डोकं का दुखत नाही, एवढं साधं तुला सुचलं नाही?

राग येतो तुझा. अजून येतो.

मग फुलंब्रीचं लग्न, त्याच्या मावसबहिणीचं. मे महिना. सकाळपासून यानं शहरातून पाहुणे आणायच्या चार चकरा मारल्या. मंगल परिणय झाला, पंगती बसल्या, तेव्हा मला म्हणाला, "डोकं फुटायलंय. जरा गाडीत पाठ टेकतो."

कार्यालयाच्या भिंतीला डिकी लावून गाडी उभी. काचा बंद, एसी चालू.

वहिनींनी तन्वीला दोनदा पाठवलं, बाबांना जेवायला बोलव म्हणून.

दोन्ही वेळा मी तिला अडवलं. "झोपू दे गं त्याला, सकाळपासून पळतोय."

तिसऱ्यांदा वहिनी स्वतः गेल्या.

मोठी माणसं म्हणाली, लग्नाचं घर आहे, चिरफाड नको. अटॅक आला असं ठरलं.

आठवड्यानं गाडी शहरात आणायला मीच गेलो. हर्सूल येईपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं. गाडी बाजूला घेतली आणि डिकीतलं कार्पेट उचललं. सिलिकॉन जळून गेलं होतं. पत्र्याच्या कडेनं खालचा रस्ता दिसत होता.

मी कार्पेट परत अंथरलं. आणि वर्षभर गप्प बसलो.

आज सकाळी वहिनींना सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, वर्षभर मी ह्यांच्या फोटोला शिव्या द्यायले. गुटखा सोडला नाय म्हणून गेले, असं लेकीलाबी सांगितलं. आन् तुम्हाला सगळं माहीत व्हतं?"



त्यांनी गाडीची चावी माझ्या अंगावर फेकली. "आधी ते नळकांडं काढा. मग तोंड दाखवा."

तर बंटी, चावी माझ्याकडं आहे आणि गाडी मिळणार नाही. शिव्या घाल, ग्रुपमधून काढ, काय करायचं ते कर.

बाकीच्यांनी उद्या स्टार्टर मारायच्या आधी आपापल्या डिकीतलं कार्पेट उचलून बघा. तुमच्यातल्या तिघांनी आमचं बघूनच खड्डे कापून घेतलेत. मला नावं माहीत आहेत.

मी निघालो तेव्हा तन्वी दाराआड उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

म्हणाली, "काका, मी तर बाबांना उठवायलाच चालले होते."

हो बाळा. तू उठवायलाच चालली होतीस.

मिल्या, भावपूर्ण वगैरे लिहायचं तोंड मला नाही. उद्या दहा वाजता मी तुझ्या गाडीखाली असेन, ते पाइप कापत.

जय भीम.