झूमनं जुळवलं, फोकसनं बिघडवलं

आमच्या सासरच्या भाऊकीत गेल्या हिवाळ्यात एक समेट झाला आणि एक भांडण झालं. दोन्ही मीच घडवली, आणि तीही फक्त फोटो काढून.

कॅमेरा मला हवा होता तो एका पाखरासाठी. मी परभणीत शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टी मिळाली की आम्ही नवरा-बायको पिंगळीला सासरी जातो. सासू-सासरे तिथे आखाड्यावर राहतात. (आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. कुस्त्या होतात, पण तोंडी.) तिथल्या विजेच्या तारेवर एक नीलपंख येऊन बसायचा. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मोठ्या हौसेनं नवऱ्याला, अशोकला दाखवला. त्यानं खिशातून रुमाल काढून स्क्रीन पुसली.

"डाग जाईना," तो म्हणाला.

"तो पक्षी आहे."

"मग बरोबर. कसा जाणार?"

त्या दिवशी मी ठरवलं, की आता खरा कॅमेरा घ्यायचा. पण कोणता? मी मोबाइलवर माहिती बघायला लागले आणि फसले. एक म्हणे मिररलेस घ्या. त्याची लेन्स बदलता येते, फोटो झकास येतो, माणूस ठळक आणि मागचं सगळं लोण्यासारखं पुसट. दुसरा म्हणे सुपरझूम घ्या. एकच लेन्स, कायमची चिकटलेली, पण बटण दाबलं की नळी बाहेर येते आणि क्षितिजावरचं झाड अंगणात. मी सकाळी मिररलेसची असायचे, दुपारी सुपरझूमची. सेन्सरचा आकार, लेन्सचं वजन, उजेड कमी असला तर काय... शाळेत वर्ग चाचणीला मी 'मिश्रण आणि संयुग यांतील फरक लिहा' ऐवजी दुसराच फरक विचारला असता, इतकी वेळ आली होती.

अशोकचं मत ठाम होतं. "मिररलेस. मागचं पुसट आलं की माणूस श्रीमंत दिसतो."

सासूबाईंना मी दोन्हींतला फरक समजावून सांगितला, तेव्हा त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हंजे एक हाय अख्खं सैपाकघर आन् एक हाय जेवणाचा डबा. तुला रांधायचंय का जेवायचंय ते ठरव की."

तेच तर ठरत नव्हतं.

शेवटी माझा धाकटा भाऊ संतोष मदतीला आला. त्याचा पालमला फोटो स्टुडिओ आहे. त्यानं दोन्ही प्रकारचे कॅमेरे माझ्यापुढे आणून ठेवले. "ताई, आठवडाभर वापर अन् ठरव. पण रोज फोन करून विचारू नको, मला लग्नाच्या ऑर्डरी हायत."

रविवारी सकाळी मी सुपरझूम गळ्यात अडकवून आखाड्याच्या गच्चीवर चढले. आणि काय सांगू, मी त्या झूमच्या प्रेमातच पडले. पिंगळी स्टेशनात थांबलेल्या मालगाडीच्या डब्याची कडी दिसली. लांबच्या कडुलिंबावरचं घरटं दिसलं, घरट्यातली काटकी दिसली. नीलपंख दिसला, त्यानं धरलेला टोळ दिसला. जे दिसेल त्यात कुतूहल, आणि जे दिसत नाही त्यात जास्त. फिरवत फिरवत कॅमेरा आमच्या शेताच्या टोकाला गेला, तर तिथे बांधावर सासरे बसलेले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. कानाला फोन लावून, मान वाकडी करून खदाखदा हसत होते. इतक्या लांबून आप्पांचे दात मोजता येत होते. मी फोटो काढला आणि घराण्याच्या व्हाट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बघा, किती जवळ आले.'

मला म्हणायचं होतं, झूमनं जवळ आले.

आता इथे बाबाराव काकांविषयी सांगायला हवं. बाबाराव काका म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ. दोघांच्या शेतांमध्ये बांधावर एक मोठा लिंब होता. तो एका वादळात पडला. पुढे त्याचं लाकूड नाहीसं झालं. आप्पांचं म्हणणं बाबारावनं नेलं, बाबाराव काकांचं म्हणणं आप्पांनी नेलं, आणि गावाचं म्हणणं तिसऱ्यानंच नेलं. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. माझं लग्न झाल्यापासून मी त्यांना एकमेकांच्या सावलीतसुद्धा उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

मी काढलेल्या फोटोत मात्र हे दोघे मांडीला मांडी लावून बसले होते.

झालं होतं असं, की बाबाराव काका त्यांच्या शेतात, आप्पांच्या बरंच मागे, विहिरीच्या काठावर बसून तळहातावर तंबाखू मळत होते. मधे अख्खं ज्वारीचं रान. पण इतक्या लांबून झूम केला, की पुढचा आणि मागचा माणूस एकाला एक चिकटल्यासारखे दिसतात. फोटोत काका हात पुढे करून आप्पांना तंबाखू देत होते, आणि आप्पा मान वाकवून, हसत हसत, ती घ्यायला निघाले होते. मी बघत होते फक्त आप्पांचे दात.

आखाड्यावर फोन कुठेही लागतो, पण इंटरनेट गच्चीच्या एका कोपऱ्यातच मिळतं. फोटो टाकून मी खाली उतरले, कामाला लागले आणि दुपारी उशिरा जेवायला बसले. तेवढ्या वेळात तिकडे काय उसळलं, याचा मला पत्ता नव्हता.

आधी सासूबाई आल्या, डोळ्यांना पदर लावून. त्यांच्या माहेराहून फोन आला होता. मागोमाग आप्पा हातपाय धुऊन ओसरीवर टेकले.

"मला तरी सांगायचं हुतं," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"आता लपवू नका. चांगलं काम केलंत. पण तंबाखू कामून? सोडलीया म्हणाले हुते न्हवं?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी भाकरीकडे बघितलं. अशोक गच्चीवर पळाला आणि मोबाइल घेऊन खाली आला. ग्रुपवर हात जोडलेले, फुलं, दिवे यांचा नुसता पूर आला होता. 'रक्ताचं नातं तुटत न्हाई.' 'दोघांना दंडवत.' आणि सगळ्यांत वर माझं वाक्य: 'बघा, किती जवळ आले.'

आप्पांनी तो फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो खोटा हाय. मी आक्काशी फोनवर बोलायलो हुतो. त्यो माझ्याजवळ कवा आला?"

"फोटो कसा खोटा आसंल?" सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या हातावरली तंबाखू दिसायलीय."

आता विज्ञानाच्या शिक्षिकेची वेळ होती. मी पाण्याचे दोन तांबे घेतले. एक आप्पांच्या पुढे ठेवला, एक उंबऱ्यापाशी. "आप्पा, हे तुम्ही, ते काका. लांबून झूम करून पाहिलं, की मधलं अंतर दाबल्यासारखं दिसतं."

"दाबलं जातं म्हंजे? माझं शेत कमी झालं का?"

"शेत तेवढंच राहतं. दिसायला कमी होतं."

"मंग दिसायला तरी कामून कमी केलंस?"

मी उंबऱ्यापाशीचा तांबा उचलून पुन्हा जागेवर ठेवला. हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नव्हता.

तेवढ्यात फाटकातून बाबाराव काका आले. त्यांच्या घरीही हेच झालं होतं. काकूंनी आनंदानं शेजारपाजारी चहा पाजला होता, आणि काका सगळ्या चहाबाजांना 'मी गेलो न्हाई' सांगून थकले होते. ते ओसरीखाली उभे राहिले आणि आप्पांकडे न बघता मला म्हणाले, "सूनबाई, ह्या घरच्या लोकांनी कॉम्प्युटरवर जोडून फोटो बनवलाय. मला बदनाम करायलेत."

आप्पाही मलाच म्हणाले, "त्याला सांग, ह्या घरच्या लोकांना तेवढाच धंदा न्हाई."

मी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते. भांडण आता चांगलं पेटणार, इतक्यात फाटकापाशी रिक्षा थांबली आणि आक्का उतरल्या.

आक्का म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहीण, पालमला दिलेल्या. दोन्ही भावांना लहानपणी कडेवर घेऊन वाढवलेलं. सकाळी आप्पांशी फोन झाला, मग नातीनं फोटो दाखवला, आणि मिळेल ती एसटी धरून त्या निघाल्या होत्या. हातात पेढ्यांचा पुडा. समोर दोघं भाऊ एकाच ओसरीशी. आक्कांचा चेहरा असा काही फुलला, की खरं काय ते सांगायचं धाडस कुणालाच होईना.

"फोनवर माझ्याशी बोलायलास आन् शेजारी बाबाराव बसलेला, तरी सांगितलं न्हाईस व्हय रे?" असं म्हणत त्यांनी आप्पांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. मग काकांच्या. तोंडात पेढा असताना भांडता येत नाही, ही गोष्ट मी त्या दिवशी समोर बघितली. दोघं चघळत राहिले. आक्का मधे बसून रडत राहिल्या.

पेढा संपल्यावर काका खाली बघत म्हणाले, "मी तर विहिरीवर हुतो."

"हौ," आप्पा म्हणाले. "आन् मी बांधावर."

"मधे केवढं रान हाय."

"तेच म्हणायलोय मी हिला कवापासून."

दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. माझा फोटो चुकीचा आहे, या गोष्टीवर. मग दोघं अंगणात काठीनं रेघा ओढून, कोण कुठे बसलं होतं ते एकमेकांना दाखवायला लागले. विहिरीवरून बोलणं पाण्यावर गेलं, पाण्यावरून ज्वारीवर. सासूबाईंनी चहा टाकला. लिंबाच्या लाकडाचं कुणी नाव काढलं नाही.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्याकडे अजून एक कॅमेरा न वापरलेला होता.

"आता खराखुरा फोटो काढू," मी म्हणाले आणि मिररलेस आणला. संतोषनं त्याला माणसांच्या फोटोंची खास लेन्स लावून दिली होती. अशोक कानाशी पुटपुटला, "मागचं पुसट येऊ दे बरं का." मी त्याच्या सांगण्याप्रमाणे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं आणि आप्पांच्या डोळ्यावर फोकस धरला. फोटो अप्रतिम आला. आप्पांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. मी गच्चीवर जाऊन तो तसाच्या तसा ग्रुपवर टाकला.

बाबाराव काका आप्पांच्या जरा मागे, खाटेवर रेलून बसले होते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. काकूंच्या लक्षात आलं. त्यांचा लगेच काकांना फोन आला, आणि तो इतका मोठ्यानं होता, की आम्हा सगळ्यांनाच आला.

"तुमाला पुसलंय त्यांनी. तुमी हायत का भूत हायत, कळंना."

काकांनी मोबाइल मागून घेतला, फोटो बघितला आणि शांतपणे उठले. "घरी बसवून, पेढा चारून पुसलं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. अर्धा कप चहा तसाच राहिला. आक्का माझ्याकडे बघत होत्या. अशोक आभाळाकडे बघत होता, जणू मागचं पुसट करण्याची कल्पना ढगांची होती.

त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. मला खरंच वाईट वाटत होतं. एका पाखरापायी मी म्हाताऱ्या माणसांचं तोंडावर आलेलं हसू घालवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा कळवली आणि काकांची माफी मागायला निघाले, तर आप्पा धोतर बदलून, टोपी घालून दारात उभे.

"त्यो पुसणारा कॅमेरा घे."

"आप्पा, नको. आता कॅमेरा नको."

"घे म्हणतो न्हवं."

बाबाराव काकांच्या दारात आप्पा किती वर्षांनी गेले, हे त्यांनाच ठाऊक. काकूंनी घाईघाईनं सतरंजी टाकली. काका बाहेर आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. आप्पा सरळ त्यांच्याकडे बघून बोलले, माझ्यामार्फत नाही.

"बाबाराव, काल हिनं मला काढलं आन् तुला पुसलं. आज तुला काढंल आन् मला पुसंल. तू म्होरं बस, मी मागं बसतो. झाली फिट्टंफाट."

काका खांब सोडून पुढे आले. मग म्हणाले, "दादा, तुमी मागं कसं बसाल? तुमी थोरले."

"बस म्हणलं न्हवं."

"न्हाई, तुमी बसा."

काल जी जागा भांडणाचं कारण होती, तीच दोघं एकमेकांवर ढकलत होते. शेवटी काकूंनी दोघांना एकाच बाजेवर दाबून बसवलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. समोरचं धूसर दिसत होतं, कॅमेऱ्यामुळे नाही. मी बटण दाबलं.

सुपरझूम मी घेतला, मिररलेस संतोषला परत केला. माझ्यासारखीनं सगळेच स्पष्ट येतील असं यंत्र वापरावं, हे बरं. आप्पांनी त्यावर एक अट घातली आहे: पाखरं काढायची, माणसं नाही.

पण त्या सकाळचा फोटो काकूंच्या हट्टापायी मोठा करून काकांच्या बैठकीत लावला आहे. त्यात आप्पाही पुसट आहेत, काकाही पुसट आहेत, दोघं अगदी सारखे. फोकस गेला तो मागे कडबा खात उभ्या असलेल्या शेळीवर, आणि ती अशी आली आहे, की तिच्या दाढीचा केस न् केस मोजावा. कुणी पाहुणा आला, की काका त्याला भिंतीपाशी नेतात आणि कौतुकानं सांगतात, "ही आमची शेळी. फोटो आमच्या सुनेनं काढलाय, लय शिकलेली हाय."