संरक्षित हापसा आणि माझं बोट

गेल्या वर्षी माझ्या उजव्या हाताची तर्जनी अडीच तास संरक्षित वारसा होती.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. चावडीसमोर पणजोबांच्या वेळचा बिडाचा हापसा आहे. रस्ता रुंद करताना तो भंगारात निघाला होता. मी (निवृत्त मास्तर, दुसरं काम काय?) दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि त्याला संरक्षण मिळवून दिलं. शेजारी पाटी लागली: 'कापणे, ठोकणे, रंगवणे गुन्हा आहे.' मजकूर माझाच.

लेकीच्या लग्नानंतर व्याही पहिल्यांदाच घरी आले. चहाही होऊ न देता मी त्यांना हापसा दाखवायला नेलं. तोटीच्या वर एक भोक आहे. "आतूनसुद्धा काय गुळगुळीत ओतकाम आहे बघा," म्हणत मी त्यात बोट घातलं. गेलं सहज. निघेना.

व्याही अदबीनं म्हणाले, "असू द्या, सावकाश दाखवा."

दहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं. मग बायकोनं खोबरेल आणलं, साबण आणला. बोट फक्त सुजलं. तोवर निम्मं गाव जमलं. वेल्डिंगवाले फिरोजभाई कटर घेऊन आले, त्यांनी पाटी वाचली आणि कटर खाली ठेवला.

"मास्तर, हे तुमीच लिवलंय. हापसा कापला तर मी आत जाईन."

"मग काय करायचं?"

"बोटाचं काय लिवलेलं न्हाई," बायको शांतपणे म्हणाली.

मी डाव्या हातानं कचेरीत फोन लावला. साहेब म्हणाले, अर्ज करा, फोटो जोडा. व्याह्यांनी अर्ज लिहिला आणि खाली माझा डावा अंगठा उमटवून घेतला. (तीस वर्षं मी गावाला सही करायला शिकवली!) फिरोजभाईंनी फोटो काढून सगळं मोबाईलवरून पाठवलं. व्याह्यांचा पाहुणचार तिथंच उरकला. चहाची बशी त्यांनीच माझ्या तोंडाला लावली.

शेवटी फिरोजभाईंनी रसवंतीवरून बर्फ आणून बोटाभोवती धरला. बोट आकसलं आणि सुटलं.

चार महिन्यांनी कचेरीचं पत्र आलं. 'बोट काढण्यास परवानगी देण्यात येत आहे. मात्र पाहणी होईपर्यंत ते आहे त्याच जागी ठेवावे.'

मी पत्र दोनदा वाचलं. नियम म्हणजे नियम. पायात चपला सरकवून चावडीकडे निघालोही होतो, पण बायको दारात आडवी उभी राहिली.